दादाची तहान

लग्नानंतरची माझी पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अकोल्याला माझ्या सासरी दादा बैलांची दमणी घेऊन न्यायला आला होता. माहेर बार्शीटाकळीला. ऊन कललं तर निघता येणार नव्हतं, कारण अंधारात बैल हाकायला दादा तयार नव्हता. आणि सण दुसऱ्याच दिवशी.

घरातल्या थोरल्या बाईनं कुंकू लावल्याशिवाय सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. थोरल्या म्हणजे दर्यापूरहून आलेल्या आतेसासूबाई. अमरावतीच्या कमिशनर साहेबाच्या दिमतीला पुष्कळ चपराशी असतात म्हणे. यांच्या दिमतीला मी एकटी.

मी पाया पडायला वाकले. करंड्यातलं बोट कपाळापर्यंत आलं आणि थांबलं. "जाता जाता मायी चंची दे." दिली. पुन्हा वाकले. "सुपारी कातरून ठेव." कातरली. "पाय लय ठणकून राहिले, तेल लाव." ते होतं न होतं तोच, "मिरच्या अंगणातच हायेत ना वं?"

नाही म्हणायची माझी जीभ तेव्हाही नव्हती, आजही नाही. मी अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या भरायला लागले.

ओसरीवरून दादा सगळं पाहत होता. म्हणाला, "आत्याबाई, पाणी भेटन काय? बहीण कामात हाये, म्हून तुमाले तरास."

सासूबाई स्वयंपाकघरातच होत्या, पण त्यांना नेमकं तेव्हाच ऐकू येईना. सुनेच्या भावाला तहानलेलं ठेवलं तर गावभर होणार. आतेसासूबाई कण्हत उठल्या, तांब्या दिला.

"गुळाचा खडा असता तर..."

गूळ आला. त्यावर पुन्हा पाणी. मग हे कोमट लागते, माठातलं द्या. मग आणखी एक तांब्या.

"बापू, तुया पोटात इहीर हाये काय?"

"उनाचा आलो, आत्याबाई. आता बैलायलेबी एक एक बादली..."

बादलीचं नाव काढताच आतेसासूबाईंनी मला अंगणातून हाक मारली आणि भुवईपर्यंत कुंकू फासलं. "जाय वं पोरी, जाय! घेऊन जा याले, नाईतर हा रांजण कोरडा करन."

गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "दादा, एवढी तहान लागली होती?"

"कायची तहान!" तो कळवळून म्हणाला.

पुढं बाभूळ दिसली की दादा दमणी थांबवायचा, आणि मी दुसरीकडे पाहत बसायची. तरी दिवेलागणीच्या आत घरी पोचलो.