विहिरीवरच्या चरखीचा कुत्रा

नातवंडांनो, उन्हाळ्यात आलात की चरखीवर बसून विहिरीत उतरायचं, असं तुम्ही परवा फोनवर ठरवलंत आणि आजोबा हसून हो म्हणाले. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

ती चरखी तुम्ही पाहिली आहे. दोर गुंडाळायचा लोखंडी रूळ, बाजूला दात्यांचं चाक, आणि चाकावर टेकलेला बोटाएवढा लोखंडी तुकडा. त्याला कुत्रा म्हणतात. त्याला दोन तोंडं असतात. एक चाकात अडकवलं की चरखी फक्त वर ओढते, मागे फिरत नाही. दुसरं अडकवलं की फक्त खाली सोडते. पंपाचा तळातला व्हॉल्व्ह गाळाने अडकला की आजोबा दोराला बांधलेल्या फळीवर बसून विहिरीत उतरतात. हँडल माझ्याकडे असतं.

दरवर्षी मी हा भाग उघडून डिझेलने धुवायचे आणि कुत्रा उलटा करून बसवायचे. चादर मध्ये विरली की कडा मध्ये घेऊन शिवतो ना, तसं; दोन्ही तोंडं सारखी झिजावीत म्हणून.

मागच्या वैशाखात आजोबांना वर घेताना कुत्रा निसटला. हँडलने हाताला हिसडा दिला, दोर हातभर खाली गेला आणि कुत्रा पुन्हा कसाबसा अडकला. खालून ते हळू म्हणाले, "तू आहेस ना वर?"

आहे म्हटलं. डाव्या हाताने कुत्रा चाकात दाबून धरला आणि उजव्याने एकेक दाता करत त्यांना वर आणलं. मग कुत्रा काढून पाहिला: दोन्ही तोंडं झिजून गोल झाली होती.

भागावर नाव नाही, नंबर नाही. मी आलेख कागदावर त्याची आकृती काढली, भोकाचं माप घेतलं, चाकाचे दाते मोजले: चोवीस. गोंदियात चार दुकानं फिरले. कुणी सायकलच्या फ्रीव्हीलचे कुत्रे दाखवले, कुणी म्हणालं, नई चरखी ले लो. शेवटी सडक अर्जुनी गावात ट्रकच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगांचे पट्टे, दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तो तुकडा उजेडात धरला.

"बाई, याले उलटवून कायले लावत होत्या? ओझं वर ओढाचं एकच तोंड झेलते. दुसरं कोरं राहिलं असतं, तं आज कामी पडलं असतं."

म्हणजे विहिरीत त्यांना मीच टांगलं होतं, माझ्या नीटनेटकेपणाने.

त्याने जुन्या कमानीच्या पट्ट्यातून नवा कुत्रा घडवला. आम्ही आधी धानाचं पोतं तीनदा उतरवून पाहिलं. आजोबा पुन्हा उतरतात. मी अजूनही डावा हात कुत्र्यावर ठेवते, आणि तुम्ही त्या फळीवर बसणार नाही.

चाक मात्र जुनंच आहे. त्याचे चोवीस दाते आज सकाळीही मोजले. सगळे आहेत.