साडूंच्या गाडीवर माझी सही

मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मी मुलीपेक्षा गाडीच जास्त वेळ बघितली, असं माझी बायको आजही चारचौघांत सांगते, आणि मला ते नाकारता येत नाही. जळगावात मेहरूणला सासऱ्यांच्या अंगणात ती उभी होती. माझ्याच वयाची, फुगीर गालांची, हिरवट रंगाची मोटार. सासरे रावेरकडचे केळीवाले. केळीच्या एका चांगल्या हंगामात त्यांनी ती कुणा डॉक्टरांकडून जुनी घेतली होती. पोहे येईपर्यंत मी खिडकीतून आत डोकावून घेतलं. डॅशबोर्डवर काचेआड तीन गोल मीटर होते, वेगाचा, पेट्रोलचा आणि इंजिनाच्या उष्णतेचा. बारीक काटे, पिवळसर पडलेले सुबक आकडे. मला आत बोलावलं तेव्हा पोहे गार झाले होते.

मीटर हा माझा पोटापाण्याचा विषय. मी दीपनगरच्या वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट सेक्शनला होतो. दाब, उष्णता, पातळी दाखवणारे शेकडो काटे आमच्या हवाली असायचे. एकेक काढून आणायचा, टेबलावर लावून खऱ्या मापाशी ताडून बघायचा, बरोबर असला की त्याच्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर ‘तपासले, योग्य’ असं छापलेलं, खाली तारीख आणि सही. बिघडलेला असला तर लाल चिठ्ठी बांधून तो तिथून हलवायचाच. आमचे साहेब एरवी मवाळ होते, पण चुकीचा मीटर जागेवर राहिलेला दिसला की त्यांचा आवाज चढायचा. मीटरच नसला तर माणूस हात लावून तरी बघतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

लग्नानंतर पाच-सहा वर्षं मी दर दिवाळीला सासऱ्यांच्या गाडीची सेवा केली. सेवाच म्हणतो, कारण आरामखुर्चीत बसलेल्या बाकीच्या मंडळींत मी एकटाच गाडीखाली आडवा असायचो. टाकीतला तरंगा बदलला, मीटरमागचे बारके दिवे बदलले, काटे खऱ्या मापावर आणले. सासऱ्यांचे गुडघे धरले आणि त्यांनी गाडी चालवणं सोडलं, तेव्हा ती कुणाकडे जाणार याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती. दीपनगरच्या क्वार्टरसमोर ती कुठे उभी करायची ती जागासुद्धा मी ठरवली होती.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या होत्या आणि आम्ही जावई जेवायला. आमरस वाढून झाला. सासऱ्यांनी बंडीच्या खिशातून चावी काढली आणि पाटासमोर ठेवली. माझ्या पाटासमोर नव्हे.

“ही मोठ्या जावईबापूंले,” ते म्हणाले. “घरचा मान त्यांचा.”

मोठे जावई म्हणजे माझे थोरले साडू. धुळ्याला शाळेत चित्रकलेचे मास्तर. भला माणूस, पण त्यांना पान्याचे आकडे कळत नव्हते. स्टेपनी कुठे ठेवतात ते त्यांनी त्याच दिवशी दुपारी मला विचारलं. मी सांगितलं, आणि मनातल्या मनात त्यांना बरंच काही ऐकवलं. परतताना बसमध्ये बायको म्हणाली, “तुमचं काय दुखतंय ते मला कळतंय. पण तोंड सरळ ठेवा.” मी नशिराबादपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

मला हेवा वाटत होता, आणि तो साधासुधा नव्हता. कॉलनीत कुणाच्या स्कूटरचा हॉर्न वाजला तरी मला साडू धुळ्याच्या रस्त्यावर गाडी चालवताना दिसायचे. शेजारी बायको, मागे मुलं, आणि समोर मी सरळ केलेले काटे.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी सकाळी ते गाडी घेऊन दीपनगरला हजर झाले. धुळ्याहून अगदी अंधारात निघाले होते. चेहरा उतरलेला. सुट्टीत त्यांनी डॅशबोर्ड रंगवला होता. मीटर, डब्या, स्क्रू सगळं काढून, पत्रा घासून, स्वतःच्या हातांनी ब्रशने साईच्या रंगाचे दोन हात दिले होते. सांगायला नको, काम देखणं होतं. पण त्यानंतर काटे वेड्यासारखे वागायला लागले होते. टाकी अर्धी असली तरी पेट्रोलचा काटा भरलेली दाखवायचा. इंजिन जेमतेम गरम झालं की दुसरा काटा थेट लाल पट्ट्यात. येताना पारोळ्याला आणि एरंडोलला त्यांनी गाडी थांबवून बॉनेट उघडलं, पाणी बघितलं. पाणी जागच्या जागी होतं.

मी डॅशबोर्डखाली शिरलो. दोन्ही काटे एकदम चढतात म्हणजे दोष काट्यांत नाही, हे मला आत शिरण्याआधीच कळलं होतं. दोघांना मिळून एकच वीज पुरवणारी बारकी पत्र्याची डबी मागे असते. बॅटरीची वीज ती काट्यांना झेपेल इतकी कमी करून देते. ती डबी डॅशबोर्डच्या पत्र्याला उघडी टेकलेली असावी लागते, तेच तिचं अर्थिंग. मास्तरांनी डबीखाली आणि स्क्रूच्या भोकाभोवती छान गुळगुळीत रंग दिला होता. अर्थिंग तुटलं, डबी कुचकामी झाली आणि काटे सगळी वीज घेऊन वर चढले. ब्लेडने आठ आण्याच्या नाण्याएवढा रंग खरवडला असता तर काम झालं असतं. ब्लेड माझ्या हातात होतं.

मी तसाच पडल्यापडल्या बाहेर बघितलं. आमच्या लाइनीतली पाच-सात माणसं गाडीभोवती जमली होती. माझे शेजारी. साडू रुमालाने बॉनेट पुसत त्यांना गाडीबद्दल सांगत होते, आणि ती माणसं त्यांना ‘साहेब’ म्हणत होती. माझी मुलगी मागच्या सीटवर चढून बसली होती आणि काकांना विचारत होती, आम्हाला एकदा नेणार का. ते तिला म्हणाले, नेईन ना बेटा, कधीही नेईन.

मी ब्लेड खिशात टाकलं.

बाहेर येऊन हात पुसले आणि सांगितलं की काटे म्हातारे झालेत, आता भाग मिळत नाहीत. पेट्रोल काठी बुडवून बघत जा. उष्णतेच्या काट्याकडे बघायचंच नाही, तो असाच लाल पट्ट्यात राहणार. मला वाटलं होतं, या कटकटीला कंटाळून मास्तर वर्षभरात गाडी विकायला काढतील. मग मी आहेच.

त्यांना मात्र हायसं वाटलं. जेवून निघताना त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावणारी चिठ्ठ्यांची गुंडाळी बघितली. आमच्या कामाची पद्धत त्यांना मी पूर्वी कधीतरी मोठ्या ऐटीत सांगितली होती.

“साडूभाऊ, तेवढी तुमची चिठ्ठी लावा,” ते म्हणाले. “म्हणजे मी निर्धास्त.”

मी लावली. त्या लाल पट्ट्यातल्या काट्याशेजारी, साईच्या रंगावर. ‘तपासले, योग्य.’ तारीख घातली आणि वळणदार सही केली.

मास्तर काही कंटाळले नाहीत. त्यांनी बांबूची एक काठी तासून तिच्यावर रंगाने रेघा आखल्या, पाव टाकी, अर्धी टाकी, सुंदर अक्षरांत. प्रत्येक लग्नात, बारशात ते माझं कौतुक करायचे. आमचे साडू म्हणजे मीटरमधला शेवटचा शब्द, असं. मी जळायचोही आणि लाजायचोही. खरं सांगायचं तर जळण्याचाच भाग मोठा होता. दोन-तीनदा ब्लेड घेऊन गाडीपाशी गेलोसुद्धा. पण आता काटे खाली आले असते तर आधी का नाही आणले, याला उत्तर हवं होतं. पुढच्या वेळी करू, असं म्हणून मी परत फिरायचो.

पुढची आखाजी आली. उन्हं अशी की बारा वाजता डांबर चपलेला चिकटत होतं. मास्तर बायकोमुलांना घेऊन धुळ्याहून निघाले. आम्ही मेहरूणला वाट बघत होतो. पंगत थांबली, मुलांना आधी वाढलं. तीन वाजता सगळे पायी फाटकातून आत आले, एसटीच्या स्टँडवरून, घामाघूम, मुलांचे चेहरे लालबुंद.

पारोळ्याच्या पुढे गाडीतला इंजिनाच्या पाण्याचा पाइप फुटला होता. चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा हात करून ओरडला होता, “भाऊ, तुमनी गाडी तापेल शे, उभी करा.” यांनी काट्याकडे बघितलं. काटा रोजच्याच जागी होता. शेजारी माझी चिठ्ठी होती. त्यांनी म्हाताऱ्याला हसून हात केला आणि गाडी पुढे काढली. चार-पाच मैलांवर इंजिनाने एक आवाज केला आणि ते जाम झालं ते कायमचंच.

हे सगळं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, स्वतःला दोष देत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. सासरे मात्र माझ्याकडे वळले.

“तुम्ही तपासली व्हती ना, जावईबापू?”

“हो,” मी म्हणालो. “पण जुनी गाडी.”

सासऱ्यांनी सासूबाईंना हाक मारली आणि म्हणाले, पानं वाढा. त्यानंतर त्यांनी कधीच मला कुठला नळ, पंखा किंवा रेडिओ बघायला सांगितला नाही.

गाडी पावसाळ्यात भंगारात गेली. मी तिला शेवटचं बघायलाही गेलो नाही. दिवाळीला मास्तर धुळ्याहून आमच्याकडे आले ते जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. डॅशबोर्डची मीटरची पट्टी होती. भंगारवाल्याकडून त्यांनी ती सोडवून घेतली होती, कारण तिला माझा हात लागलेला होता आणि मला ती आवडायची हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांसमोर मी आभार मानले.

सोमवारी पट्टी सेक्शनला नेली. टेबलावर काट्यांना हवी तेवढीच वीज जोडून बघितलं. दोन्ही काटे केसभरही चुकले नाहीत. मग ती मागची डबी सोडवली. तिच्याखाली रंग जसाच्या तसा होता, गुळगुळीत. पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, काय आहे हो? मी म्हणालो, जुनं सामान. चिठ्ठी नखाने काढायला गेलो तर कागद सोलवटला, पण सही तेवढी राहिली.

मी त्यांना सांगितलेलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गाडी मला मिळाली नाही याचं दुःख कधीच विरलं, पण तिच्यासाठी त्यांचा हेवा करायची सवय इतकी जुनी झाली होती की गाडी गेल्यावर त्यांच्याशी काय बोलावं तेच मला सुचत नसे.

चार-पाच वर्षांनी मास्तरांनी नवी स्कूटर घेतली. शोरूममधून निघून, पूजा व्हायच्याही आधी, ते ती धुळ्याहून चालवत दीपनगरला घेऊन आले. हँडलला शोरूमवाल्यांनी घातलेला झेंडूचा हार होता. मी चहा सांगून बाहेर आलो तर ते वाकून मीटरच्या काचेशेजारची जागा रुमालाने पुसत होते.

“इथे लावा,” ते म्हणाले. “तुमची चिठ्ठी असली की बरं वाटतं.”

गुंडाळी खिशातच होती. मी खिशावर हात ठेवला आणि म्हणालो, चिठ्ठ्या संपल्यात.

“काही हरकत नाही,” ते म्हणाले, “पुढच्या वेळी लावा.”