एम्रिसच्या डब्यातली काच

कुठल्याही इमारतीत शिरण्यापूर्वी एम्रिस तिच्या भिंतीला तळहात लावायचे आणि वेल्शमध्ये 'सुप्रभात' म्हणायचे. चॅपेल असो, बंद पडलेली पाणचक्की असो, नाहीतर पोस्टाची टपरीवजा खोली. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसलो. त्यांना राग आला नाही. "तू माणसांशी हात मिळवतोस ना, सतीश बाख? मग हिनं काय पाप केलंय?"

'बाख' म्हणजे छोटा, लाडका. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला इंजिनियर होतो. लंडनजवळचं पिनर सोडून वेल्समध्ये नोकरीला आलो होतो आणि या चाळीस घरांच्या गावातल्या जुन्या इमारतींची तपासणी माझ्याकडे होती. एम्रिस गावातले शेवटचे गवंडी. वय ऐंशी. चॅपेलची किल्ली त्यांच्याच खिशात असायची.

चॅपेलची मागची भिंत दगडाची, आतून चुन्याची. तिच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं, म्हणून मी बाहेरून सिमेंट भरायला सांगितलं. एम्रिसनी टोपी काढून डोकं खाजवलं. "हिला घाम येतो. तू तिला रेनकोट घालतोयस. घाम आतच राहील." मी म्हटलं, आजकाल असंच करतात. खरं तर मला चुन्यातलं फारसं कळत नव्हतं, आणि ते कबूल करायची लाज वाटत होती.

सिमेंट भरलं गेलं आणि दुसऱ्या हिवाळ्यानंतर आत, बाकांच्या वर, भेग दिसली. एम्रिसनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवली आणि खिळ्यानं तिच्यावर तारीख कोरली. भिंत हलली तर काच तडकणार. आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'भिंत स्थिर आहे', आणि सही केली.

रविवारी कापणीची प्रार्थना होती, देवापुढे नवं पीक मांडून आभार मानायची. त्याआधीच्या गुरुवारी एम्रिसकडून किल्ली घेऊन मी एकटाच आत गेलो. काच मधोमध फुटलेली होती.

मी भिंतीकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं. कुणी येतंय का? मनाशी म्हटलं, कुणाचा तरी चेंडू लागला असेल. गाडीत काचेच्या पट्ट्या होत्या. जुने तुकडे उपटून गवतात फेकले, नवी पट्टी चिकटवली आणि एम्रिसच्या अक्षरासारखी तीच तारीख कोरली. तारखेतला सात मात्र त्यांच्यासारखा वळला नाही.

रविवारी सकाळी गाव चॅपेलसमोर जमलं. एम्रिस काळ्या सुटात दार अडवून उभे. पाद्री वैतागले. "अहो, आत भोपळे, पाव, सफरचंदं सगळं मांडून ठेवलंय!"

"मग भोपळ्यांना प्रार्थना म्हणू दे. माणसं हॉलमध्ये जातील."

"पण का?"

"हिचा हात गरम लागत नाहीये."

लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा गेला कामातून." पाद्री माझ्याकडे वळले. "इंजिनियर, तुम्हीच सांगा. भिंत सुरक्षित आहे ना?"

पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघत होती. पहिल्या रांगेत एक बाई तान्हं मूल घेऊन उभी होती. मी म्हणालो, "माझ्या रिपोर्टप्रमाणे... आहे."

एम्रिसनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "छान. रिपोर्टपण हॉलमध्येच वाचू," म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकून चालू लागले. किल्ली नाही म्हटल्यावर सगळे कुरकुरत त्यांच्या मागे गेले.

मंगळवारी दहा वाजता भिंत आत कोसळली. मी पोचलो तेव्हा धूळ बसत होती. पुढचे तीन बाक दगडांखाली चिरडले होते आणि त्यांच्यामधून भोपळ्याचा केशरी गर ओघळत होता.

चौकशीला आलेल्या बाईंनी एम्रिसना विचारलं, "काच फुटली होती का?"

"आदल्या दिवशीपर्यंत शाबूत होती," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं; माझी नवी पट्टी शाबूतच होती. दोष पावसाला गेला. माझी नोकरी राहिली. बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी हात लावून बघ, बाख." त्यानंतर चार वर्षं आम्ही चहा प्यायलो, चुना कसा मळायचा ते त्यांनी मला शिकवलं, पण त्या काचेचं नाव दोघांनीही काढलं नाही. रोज वाटायचं, आज बोलतील. मी त्यांना भीत होतो.

गेल्या फेब्रुवारीत ते गेले. दफनानंतर त्यांची लेक मेगननं मला घरी बोलावलं आणि तंबाखूचा एक पत्र्याचा डबा पुढे केला. "यावर तुमचं नाव आहे. आत नुसती फुटकी काच आहे. हे काय आहे?"

दोन तुकडे. गवतातले. एकावर थोडा चुना, दुसऱ्यावर त्यांच्या हातचा नीट सात.

किटलीतलं पाणी उकळत होतं. मी टेबलावर दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून ठेवले.

"मेगन, बसा," मी म्हणालो. "त्या रविवारी तुमच्या वडिलांचं डोकं गेलं नव्हतं. मी खोटं बोललो होतो."