ढोलीशेजारचा पलंग

लग्न करून मी सावली तालुक्यातल्या या गावात आले, तेव्हा आमच्या वाट्याच्या खोलीत दोनच गोष्टी होत्या. एक पलंग आणि भिंतीत एक खिळा. खिळ्यावर नवऱ्याचे शर्ट, एकावर एक. पलंग मात्र माझ्या बाबांनी आंदणात दिलेला, आलापल्लीच्या सागवानाचा, एवढा रुंद की त्यावर आम्ही दोघं भांडलो तरी एकमेकांना लागलो नसतो. खोली लहानच, नऊ फूट बाय सात. पण पलंग ठेवून दाराजवळ थोडी जागा उरायची. तिथं लोखंडी कपाट येईल, वर आरसा लागेल, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं.

मग ढोली घरात आली.

ढोली म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी. आमची ढोली माझ्या गळ्याइतकी उंच आणि दोघांनी मिळून कवेत घ्यावी एवढी जाड. लग्नाच्या धामधुमीत ती लिंपायला म्हणून आंगणात काढली होती. वाळली, पाऊस जवळ आला, तशी चार माणसांनी ती उचलून थेट माझ्या खोलीत आणली आणि ती मावावी म्हणून पलंग दाराआड सरकवून माझ्या त्या जागेवर उभी केली. सासूबाईंनी त्यात धान ओतलं, वर कडूलिंबाचा पाला पसरला, झाकण ठेवलं आणि हात झटकले. त्या दिवसापासून खोलीचं दार अर्धंच उघडायला लागलं. माझा नवरा अंगानं भरलेला आहे. त्याला आत यायचं तर श्वास सोडून तिरपं व्हावं लागे.

मला भयंकर राग आला. नव्या सुनेला राग आला की तिनं भांडी घासायची असतात, म्हणून मी घरातली सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. सासूबाईंना कळलं असावं. त्या शेजारी येऊन बसल्या.

"धान आतल्याच खोलीत राह्यते माय," त्या म्हणाल्या. "अन् नवी सून त्याच्याजवळ निजते. मीबी निजली, माह्यी सासूबी निजली."

"तुमच्या वेळी पलंग होता का?"

"चटई होती. सकाळी गुंडाळली का खोली मोकळी."

ढोली हलवायचा प्रश्नच नव्हता. भरली ढोली हलवत नसतात, नवं धान येईपर्यंत तर नाहीच. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं आणि मीही धानाच्याच घरात वाढलेली.

म्हणून मी मोबाइलला शरण गेले. लहान खोली कशी सजवावी, याचे व्हिडिओ किती आहेत याची तुम्हाला कल्पना नसेल. सगळ्या व्हिडिओंत एक हसरी बाई असते आणि तिच्या घरात धान नसतं. ती म्हणाली, खोलीत आरसा लावा, जागा दुप्पट वाटेल. मी पलंगाच्या वरच्या भिंतीवर आरसा लावला. जागा होती तेवढीच राहिली, ढोल्या मात्र दोन दिसायला लागल्या. ती म्हणाली, भिंती हलक्या रंगाच्या ठेवा. नवऱ्यानं रविवारी फिकट निळा रंग मारला. त्याच दिवशी सासूबाईंना ढोलीला एक चीर दिसली आणि त्यांनी ती ताज्या शेणानं बुजवली. आठवडाभर आम्ही निळ्या खोलीत शेणाच्या वासात झोपलो. ती म्हणाली, जे वर्षभर वापरलं नाही ते बाहेर काढा. वर्षभर न वापरलेली खोलीत एकच वस्तू निघाली, नवऱ्याची व्यायामाची वजनं. ती आता गोठ्याचं फाटक दाबून धरतात आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी येत आहेत.

शेवटी मी ढोलीशीच समझोता करायचं ठरवलं. तांदळाचं पीठ कालवून तिच्यावर मोठी वेल काढली, पानं, फुलं, मधे दोन मोर. नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तिथून त्यानं बारीक दिव्यांची माळ आणली, ती वर गुंडाळली. संध्याकाळी काय दिसत होती! सकाळी अर्ध्या दारातून कोंबडी आत शिरली आणि दोन्ही मोर खाऊन गेली.

पण खरी अडचण सजावटीची नव्हतीच. धान कांडायला न्यायचं असलं की सासूबाई पहाटेच टोपलं घेऊन यायच्या. दार वाजवायची पद्धत या घरात नाही. अर्धं दार पलंगाच्या पायाला आपटायचं, तीच टकटक. मी दचकून उठायची, नवरा घोरत राहायचा आणि मग दिवसभर मी कुणाशी नीट बोलायची नाही.

"पलंग एक फूट कापून टाकू," एक दिवस नवरा म्हणाला. "ढोली हालवता येत नाई, पण पलंग आखूड झाला तं दार पुरं उघडते. मिस्त्री ओळखीचा हाय."

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बाबांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "पलंग पुरला न?" जेवलीस का, बरी आहेस का, हे नंतर. त्यांनी ते लाकूड स्वतः निवडलं होतं, सुताराच्या दारात रोज जाऊन बसले होते. मुलगी ऐसपैस झोपली की ऐसपैस राहील, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. त्या पलंगाला करवत लावायची म्हणजे बाबांच्या हातावरच लावल्यासारखं मला वाटत होतं. पण रोज पहाटे दचकून उठून मी थकले होते. पोळ्याला बाबा मला न्यायला येणार होते. त्याआधी कापून वर गादी टाकली तर कळणार नाही, असा हिशेब करून मी हो म्हटलं आणि मग न्हाणीत जाऊन रडले.

मिस्त्री आला. त्यानं पलंगावर खडूनं रेघ मारली. आणि बाहेर बाबांच्या मोटरसायकलचा आवाज आला, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी.

ते तिरपे होऊन आत आले. आधी त्यांना करवत दिसली, मग रेघ, मग ढोली. बाबांनी ढोलीवर तळवा ठेवला.

"इहिनबाई, मी खोली मोजाले आलतो तवा हे कुठी होती?"

"आंगणात," सासूबाई दारातून म्हणाल्या. "लिंपाले काढली होती. तुम्ही तिलेच टेकून चहा पेला, इवाई."

बाबा पलंगावर बसले. वैशाखात घर बघायला आले होते तेव्हा त्यांनी विहीर बघितली, बैल बघितले, गुडघ्यांवर रांगत रिकामी खोली हातानं मोजली आणि खूश होऊन घरी गेले होते.

"जलमभर धान पिकवलं मी," ते म्हणाले. "आंगणात ढोली दिसली अन् इचारलं नाई, हे राह्यते कुठी म्हणून." मग मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "काप बाप्पा. पोरीले चालाले जागा पायजे."

"सागवान कापाचं नाई," सासूबाई म्हणाल्या. "ढोली रिकामी करू."

"भरली ढोली हालवत नाईत, इहिनबाई."

"मालूम हाय मले. माह्यी ढोली हाय."

इतके महिने कुणी तसूभर हटत नव्हतं, आणि आता दोघंही हरण्यासाठी भांडायला लागले. बाबा म्हणत कापा, सासूबाई म्हणत काढा. नवरा दोघांनाही हो म्हणत होता. मिस्त्रीनं करवत खाली ठेवून चहा मागितला.

तेव्हा मला ती हसरी बाई आठवली. पलंगाखालची जागा वाया घालवू नका, असं ती प्रत्येक व्हिडिओत सांगायची. पलंगाच्या पायांखाली ठोकळे दिले आणि बुरडाकडून बुटक्या, पसरट ढोल्या विणून घेतल्या तर? धान आतल्या खोलीतच राहील, सून धानाजवळच निजेल. जवळ काय, वरच निजेल. मी हे एका दमात बोलून गेले. सासूबाईंनी बराच वेळ पलंगाखाली बघितलं. "वरचं उरलं ते पोत्यात भरू," त्या म्हणाल्या. "टीव्ही ठेवू त्याच्यावर." आणि बुरडाच्या घरी निरोप द्यायला निघाल्या. नवरा आणि मिस्त्री ठोकळ्यांसाठी लाकूड शोधायला मागे गेले.

ढोल्या किती उंच विणायच्या ते बघायला बाबा टेप घेऊन पलंगाखाली शिरले. या वेळी हातावर भरवसा नव्हता त्यांचा. मी वर बसले होते. त्यांची फक्त पावलं बाहेर दिसत होती, टाचांना भेगा पडलेली.

"माय," खालून आवाज आला.

"हं?"

"तू खुश हायेस न इथी?"

फोनवर त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. समोर बसून तर विचारलंच नसतं. मला खोटं सांगायचं नव्हतं. नवऱ्याच्या तिरप्या होण्याचा विचार केला. ढोली रिकामी करू म्हणताना सासूबाईंचा चेहरा कसा उतरला होता, ते आठवलं.

"हाय, बाबा," मी म्हटलं.

खाली त्यांनी नाक ओढलं. मग टेप सर्रकन गुंडाळला आणि म्हणाले, "दीड फूट पुरते."