रेंजच्या टेकडीवरची म्हातारी

शिरूर कासारजवळच्या त्या गावात फोनला रेंज फक्त टेकडीवर मिळायची. ती जागा पहिल्यांदा सापडली शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीला, आणि तिनं मोठ्या मनानं साऱ्या गावाला सांगितली. मी तिथं बदलीवर गेलो तेव्हा संध्याकाळी अख्खं गाव टेकडीवर असायचं.

त्या दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि जो तो आपापल्या फोनवर तो बघत होता. ऊसतोडीला गेलेली म्हातारीची लेक तिकडंच बाळंत झाली होती. नात बघायची म्हणून म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फोन दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"साहेब, कावून फिरतंय हे?"

"टॉवरची ताकद ठरलेली असते, मावशी. एकाच वेळी सगळे बघायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडीच येते."

"म्हंजी समद्यांना सांगितलं हेच चुकलं माझं," ती शांतपणे म्हणाली. मग उठून तिनं जोरात आरोळी ठोकली, "पळा रं! आग्यामोहोळ उठलंय!"

सामना तसाच सोडून गाव खाली पळालं. सगळ्यांच्या पुढं, टॉवरचं गणित सांगणारा मीच होतो. पायथ्याशी थांबून वर पाहिलं, तर म्हातारी एकटीच बसून फोनवर बोबडं बोलत होती.

खूप वेळानं ती उतरली. माणसं चिडली होती. "मोहोळ कुठंय, म्हातारे?" कुणीतरी ओरडलं.

"नात माझ्यावानी काळी हाय," ती हसून म्हणाली. "जावा आता वर. माझं झालं."