एक नांगी ठेवून

तेलगावच्या सटवाचा एक नेम होता. ओढ्यात खेकडा सापडला की तो त्याची एकच नांगी मोडून घेई आणि खेकडा परत पाण्यात सोडी. मोडलेली नांगी पुन्हा येते, हे त्याला बापानं दाखवलं होतं. मग दुसरी कशाला ठेवायची? तर नवी येईपर्यंत त्या गरिबानं खायचं कशानं? घरातलं कालवण त्यापायी कायम पातळ असे, पण नेम काही ढळला नाही.

फसली तेराशे वीसच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशे दहाच्या आसपासची, निजामाच्या अमलातली ही गोष्ट. सुंदररावांच्या गुऱ्हाळावर चरकात ऊस घालता घालता सटवाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुंदरराव माणूस वाईट नव्हते, फक्त त्यांना तोंडावर नाही म्हणता येत नसे. जखम भरल्यावर सटवा कामावर आला तेव्हा ते म्हणाले, "बोटं आली की ये."

दुसरा कोणी असता तर काय ते समजला असता. सटवा घरी जाऊन बोटांची वाट बघू लागला.

आपलं कुठवर आलं हे ताडून बघता यावं म्हणून त्यानं एक खेकडा, नेमाप्रमाणे एक नांगी मोडून, मडक्यात पाळला. पावसाळ्यात खेकड्यानं खाणं सोडलं आणि तो तळाशी दडून बसला. आता कात टाकणार, हे ओळखून सटवानंही जेवण सोडलं आणि गोधडीत शिरला. त्याच्या बायकोनं, चंद्रभागाबाईनं, हे सोंग एक दिवस चालू दिलं.

"खेकड्याला बायकू न्हाई," ती म्हणाली. "उठा, भाकर खावा."

खेकड्यानं कात टाकली. नवी नांगी बारकी होती, पण चिमटा चांगला काढी. सटवाच्या हातावर मात्र काहीच उगवलं नाही. गुऱ्हाळ पुन्हा पेटलं, तेव्हा चरकापाशी त्याच्या जागेवर चंद्रभागाबाई बसली. पोट काही बोटांसाठी थांबत नाही.

सटवा रोज तिथंच चिपाडांच्या ढिगावर बसून तिचे हात बघत राही. बांगड्या चरकाजवळ गेल्या की तो अर्धा उठे आणि परत बसे. एके दिवशी तिचा पदर ओढला गेला. बैल हाकणाऱ्या म्हाळूनं वेळीच कासरा ओढला आणि पदराच्या टोकावर निभावलं. तिनं फाटका पदर खोचला आणि पुढचा ऊस उचलला.

सटवा उठून सुंदररावांपुढं उभा राहिला.

"मालक, हिला उठवा. मी बसतो."

"बोटं आली का बे?"

"न्हाई. डाव्या हातानं घालतो."

"आन् डावाबी गेला तर?"

सटवानं यावर नीट विचार केला.

"तवर उजव्याची आल्याली असतील," तो म्हणाला, आणि त्याच तीन बोटांच्या हातानं त्यानं बायकोला धरून चरकापासून उठवलं.