महारुद्र मिस्त्रींचं अडून बसलेलं इंजिन

ढोकीत कारखान्याच्या रस्त्याला महारुद्र मिस्त्रींचं गॅरेज आहे. पत्र्याचं शेड, पुढं लिंबाचं झाड आणि झाडाखाली कायम एखादी जीप नाहीतर ट्रॅक्टर पोट उघडं टाकून उभा. मिस्त्रींचा हात चांगला, तोंड त्याहून मोठं. आपण बांधलेलं इंजिन अर्ध्या फेऱ्यात बोलतं, असं ते गिऱ्हाइकाला सांगत, चहावाल्याला सांगत, आणि ऐकायला कुणीच नसलं तर बायकोला, दैवशालाबाईंना सांगत. त्या भाकरी थापता थापता ‘व्हय’ म्हणत. एवढ्या एका शब्दावर त्यांचा संसार आजवर बिनबोभाट चालला होता.

इंजिन खोललं की सुट्या भागांवर खुणा करायच्या नाहीत, ही मिस्त्रींची ऐट. बाकीचे मिस्त्री पंच मारतात, खडूनं आकडे घालतात. हे त्यांना हसत. फळीवर सगळे भाग ओळीनं मांडायचे आणि म्हणायचं, खुणा विसराळू माणसाला लागतात. दुसरा नेम असा की गॅरेजात बायकोनं पाऊल टाकायचं नाही. तिथं ग्रीस असतं, शिव्या असतात, बाईमाणसाचं काय काम, हा त्यांचा हिशेब. या नेमाला वर्षातून एक दिवस सुट्टी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि पूजा म्हटली की गॅरेज दैवशालाबाईंचं.

यंदा खंडेनवमीला तेरच्या गोरोबा नावाच्या गिऱ्हाइकाची जीप आत होती. इंजिन पुरतं खोललेलं, क्रँक, म्हणजे पोटातला फिरता दांडा, लेथवरून घासून आलेला, बाकीचं फळीवर. मिस्त्री झेंडू आणि नारळ आणायला बाजारात गेले, तेवढ्यात बाईंनी शेड झाडलं, सडा घातला, पाने, जॅक, हातोडे धुऊन पुसून लख्ख केले. क्रँकला खालून धरून ठेवणाऱ्या लोखंडी कॅप होत्या पाच. दोन टोकांच्या रुंद आणि मधल्या तीन दिसायला तिळ्या बहिणी, एकीचा कोपरा तेवढा उडालेला. त्या तेलकट काळ्या तशाच देवापुढं ठेवायच्या म्हणजे बाईंना पटेना. त्यांनी परातीत घालून त्याही घासल्या, पुन्हा ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीला हळदीकुंकू लावलं. मिस्त्री आले, बघून खूश झाले. यंदा लई नटवलंस, एवढं म्हणून त्यांनी नारळ फोडला.

दसरा झाल्यावर इंजिन बांधायला घेतलं. कॅप आवळताना क्रँक जड लागत होता, पण नवं काम सुरुवातीला आवळच असतं, चाललं की मोकळं होईल, असं म्हणून मिस्त्री पुढं गेले. सगळं बसवून स्टार्टर मारला तर इंजिन नुसतं कण्हलं. बॅटरी बदलली. केबल बदलली. स्टार्टर काढून बघितला, तो बिचारा नवऱ्यामुलासारखा तयार. मग दाब सुटावा म्हणून चारी नोझल काढून पुलीच्या बोल्टला पाना लावला, पान्याला पाइप लावला आणि अंगाचा भार टाकला. क्रँक बोटभर सरकला आणि आडमुठ्या बैलासारखा थांबला. म्हणजे दाबाचं कारण नव्हतं. खाली, पोटातच काहीतरी आवळत होतं.

मिस्त्रींनी तेलाचं चेंबर काढलं, माप पुन्हा घेतलं. क्रँक बरोबर. बेअरिंग बरोबर. रिंगा बरोबर. आणि इथं त्यांचं डोकं थांबलं. घरात बोलणं बंद झालं. जेवताना इंजिनाचं नाव निघेना. आधी ज्या बढाईनं बाईंचे कान किटत, तिच्यावाचून आता घर त्यांना खायला उठलं.

शनिवारी गोरोबा विचारपूस करायला आले. बाई चहा घेऊन शेडच्या दाराशी थांबल्या. मिस्त्री गोरोबांना समजावत होते की कॅप आणि तिची जागा एकत्रच घडवलेली असते. दुसऱ्या जागी बसवली तर ती क्रँकला नडते. पण ओळ आपण स्वतः मांडलेली, ती चुकायची नाही. मग राहिलं काय?

“हातातली इद्या गेली, गोरोबाकाका,” ते म्हणाले. “दुकान टाकायचं म्हणत व्हता त्या मोबाइलवाल्याला उद्या जागा दाखवतो. शेड भाड्यानं देऊन घरी बसतो.”

दैवशालाबाईंनी चहा उंबऱ्यावरच ठेवला. त्या घरी आल्या, तव्यावरची भाकरी करपली तरी हलल्या नाहीत. सांगावं तर हा माणूस ढोकीभर सांगत सुटणार, बायकोनं इंजिन बुडवलं म्हणून; पुढच्या खंडेनवमीला हातात झाडूसुद्धा देणार नाही. न सांगावं तर उद्या कुलूप. गोरोबा गेल्यावर त्या पदर खोचून सरळ शेडात शिरल्या.

“आवं, त्या मधल्या तीन म्या परातीत घालून धुतल्या. परत ठिवताना हाताला येतील तशा ठिवल्या.”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. मग जुन्या टायरवर बसले आणि हसायला लागले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “म्हंजी हात माझा बराय की!” राग आला तो नंतर, आणि तोवर त्यात काही दम उरला नव्हता.

बाईंना एवढं आठवत होतं की कोपरा उडालेली कॅप फळीवर भिंतीकडच्या बाजूला होती. ती तिच्या जागी गेली. राहिल्या दोन, त्या इकडून तिकडे करून बघितल्या. आता मिस्त्री एकेक आवळत आणि प्रत्येक वेळी क्रँक फिरवून बघत. शेवटची आवळून झाल्यावर त्यांनी पुलीला लावलेला पाना बायकोच्या हातात दिला. तिनं तो एका हातानं फिरवला, बांगड्यांसकट.

रविवारी जीप सुरू झाली, आणि बघायला लिंबाखाली निम्मा रस्ता जमला. गोरोबांनी विचारलं, एवढं अडलं होतं तरी कशानं. दाराशी उभ्या दैवशालाबाईंनी पदर सारखा केला. आता निघणार आपलं नाव.

“चूक माझी व्हती,” मिस्त्री म्हणाले. “खुणा केल्या न्हाईत म्या.”

चहावाल्यानं ओतता ओतता हात थांबवला. या माणसाच्या तोंडून असलं वाक्य ढोकीनं आजवर ऐकलं नव्हतं. तेवढ्यात मोबाइलवाला मोटरसायकलवरून उतरून शेडचं माप डोळ्यानं घेत होता. मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आधी दैवशालाबाईच पुढं झाल्या आणि म्हणाल्या, “जागा रिकामी न्हाय, दादा. आमचं गॅरेज हाय हितं.”